कारखान्यातलं घर आणि कारखान्याची भूक

१९६९ साली अमेरिकेचं गृहनिर्माण खातं जॉर्ज रॉम्नी यांच्याकडे आलं. मिशिगनचे गव्हर्नर होण्याआधी ते ‘अमेरिकन मोटर्स’ या कंपनीचे प्रमुख होते. बाकीच्या कंपन्या लांबरुंद गाड्या काढत होत्या तेव्हा त्यांनी ‘रॅम्बलर’ ही आटोपशीर, कमी पेट्रोल पिणारी गाडी खपवून दाखवली होती. त्यामुळे खात्यात पाऊल टाकताच त्यांच्या मनात आलेला प्रश्न अगदी साहजिक होता. गाडी कोणी उन्हापावसात, गिऱ्हाइकाच्या दारात बसून जोडत नाही. मग घरच का? त्याच वर्षी ‘ऑपरेशन ब्रेकथ्रू’ ही योजना जाहीर झाली. प्रस्तावांचा पाऊस पडला, त्यांतल्या बावीस कंपन्या निवडल्या गेल्या आणि नऊ ठिकाणी नमुन्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. भिंती ट्रकवरून आल्या, आख्ख्या खोल्या क्रेनने चढल्या, लोक राहायलाही गेले. पण तीन हजार घरांच्या आतच गाडं थांबलं. जानेवारी १९७३ मध्ये निक्सन सरकारने अनुदानित घरबांधणी गोठवली, आणि ती घोषणा करण्याची वेळ खुद्द रॉम्नींवरच आली.

त्या घरांत काहीच खोट नव्हती असं नाही. पण योजना बुडाली ती खोटींमुळे नव्हे, मागणी आटली म्हणून. कारखान्यात घरं बनवण्याची कल्पना दर पिढीत एकदा नव्याने जन्म घेते. दर वेळी यंत्र नवं असतं आणि अडचण जुनीच.

रॉम्नींच्या वीस वर्षं आधी हेच घडलं होतं. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना घरं हवी होती. कार्ल स्ट्रँडलंड नावाच्या उद्योजकाने ओहायो राज्यात कोलंबस इथला विमानांचा रिकामा कारखाना मिळवला आणि ‘लस्ट्रॉन’ घर बाजारात आणलं. आख्खं घर पोलादाचं. भिंतींच्या पत्र्यावर इनॅमलचा चकचकीत थर, म्हणजे रंगकामाची कटकट नाही. फडक्याने पुसलं की झालं. एका घराचे तीन हजारांहून जास्त सुटे भाग एकाच ट्रकवर, आणि ते अशा क्रमाने रचलेले की जोडणाऱ्याच्या हाती आधी लागेल तोच भाग आधी यावा. सरकारने साडेतीन कोटी डॉलरहून अधिक कर्ज दिलं. १९५० मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं तेव्हा जेमतेम अडीच हजार घरं बाहेर पडली होती. त्यांतली कित्येक आजही उभी आहेत, म्हणजे मालात दम होता. पण गावोगावचे बांधकाम नियम वेगळे, विक्रेत्याने घराची पूर्ण किंमत आगाऊ मोजायची, बँका या पत्र्याच्या घरावर कर्ज द्यायला बिचकत, आणि प्रत्येक घरासाठी जागा, पाया, नळजोड आणि परवानगी यांची जुळणी गिऱ्हाइकाने आपली आपण करायची. कारखाना दिवसाला शंभर घरांच्या बेताने आखलेला. त्याच्या आसपासही मजल गेली नाही.

इथे ठेकेदार आणि कारखाना यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी गोम तिथे आहे. ठेकेदाराकडे काम नसलं तर सेंट्रिंगच्या प्लेटा गोदामात जातात, मिक्सर भाड्याचाच असतो, मिस्त्री दुसऱ्या साइटवर जातो आणि बिगारी गावाकडे पेरणीला. बिचाऱ्या मजुराचे हाल होतात, पण ठेकेदार तगतो. बांधकामाचा धंदा जगभर असाच, तेजी-मंदीच्या हेलकाव्यांत टिकून राहण्यासाठी मुद्दाम हलकाफुलका राहिलेला आहे. त्याला मागासलेला म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला तो मागासलेला नाही, सावध वाटतो. कारखान्याला ही सोय नसते. यंत्रांच्या कर्जाचा हप्ता, शेडचं भाडं, कुशल कामगारांचे पगार हे घर विकलं गेलं तरी चालू आणि नाही विकलं गेलं तरी चालू. कारखान्याला रोज भूक लागते. आणि जमीन, परवानगी, कर्जमंजुरी या गोष्टी काही रोज ठरल्या वेळी ताटात पडत नाहीत. यंत्रं जितकी जास्त, जितकी महाग, तितकी ही भूक मोठी.

कॅलिफोर्नियाच्या ‘कॅटेरा’ कंपनीची कहाणी याचा अलीकडचा पुरावा आहे. २०१५ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स उद्योगातल्या अनुभवी मंडळींनी ती काढली. आराखड्यापासून नळाच्या तोटीपर्यंत सगळं एकाच छताखाली आणायचं, रोबोंनी भिंती बनवायच्या, असा बेत होता. जपानच्या सॉफ्टबँकेसह गुंतवणूकदारांनी सुमारे दोन अब्ज डॉलर ओतले. २०१८ मध्ये कंपनीने आपल्याकडची ‘केईएफ इन्फ्रा’ विकत घेतली, तेव्हा तामिळनाडूतल्या कृष्णगिरीचा काँक्रीटच्या तयार भागांचा मोठा कारखानाही तिच्याकडे गेला. जून २०२१ मध्ये कॅटेरा दिवाळखोरीत निघाली. सहा वर्षांचा खेळ. ब्रिटनमध्येही तीच तऱ्हा झाली. २०२३ मध्ये ‘लीगल अँड जनरल’ या बड्या विमा कंपनीने लीड्सजवळचा आपला घरांचा कारखाना थांबवला, आणि त्याच वर्षी ‘इल्क होम्स’ बुडाली. या कंपन्यांकडे पैसा, यंत्रं आणि हुशार माणसं तिन्ही होती. रांगेने येणाऱ्या ऑर्डरी नव्हत्या.

मग हे कुठे जमलंच नाही का? जमलं. स्वीडनमध्ये जमलं, आणि तेही गाजावाजा न करता.

स्वीडनमध्ये एकेकट्या कुटुंबांसाठी बांधली जाणारी बहुतेक घरं आज कारखान्यात तयार झालेल्या लाकडी भागांची असतात. याचं पहिलं कारण हवामान. उत्तरेकडे हिवाळ्यात दिवस चार-पाच तासांचा, जमीन गोठलेली. उघड्यावर सुतारकाम करणार कोण? दुसरं कारण जंगल. लाकूड कापणाऱ्या गिरण्यांनीच हळूहळू फळ्यांऐवजी भिंती विकायला सुरुवात केली. मजेची गोष्ट म्हणजे लाकडाच्या या देशात लाकडी इमारत दोन मजल्यांपेक्षा उंच बांधायला शंभरेक वर्षं बंदी होती. शहरंच्या शहरं जळत असत. १८८८ च्या जून महिन्यात सुंड्सवाल आणि उमिओ ही दोन शहरं एकाच दिवशी खाक झाली होती. १९९० च्या दशकाच्या मध्यावर नियम बदलला. ‘लाकूड नको’ असं म्हणण्याऐवजी ‘इमारत आगीत इतका वेळ टिकली पाहिजे, कशाची ते तुम्ही ठरवा’ असं सरकार म्हणू लागलं. त्यानंतर पीतिओ इथल्या ‘लिंडबेक्स’सारख्या कंपन्या, ज्या मुळात लाकडाच्या गिरण्या होत्या, बहुमजली इमारतींचे फ्लॅट कारखान्यात बनवू लागल्या.

अशा कारखान्यात एका भिंतीचा प्रवास बघण्यासारखा असतो. वास्तुरचनाकाराचा आराखडा संगणकावरून थेट करवतीकडे जातो. करवत लाकडाचे दांडे मापात कापते आणि प्रत्येकावर क्रमांक टाकते. दांडे एका लांब, सपाट टेबलावर आडवे मांडले जातात. भिंत उभी नव्हे, झोपलेली बनते. त्यामुळे शिडी नाही, परांची नाही, कोणी खाली पडायचा प्रश्न नाही. वरून रुळांवर सरकणारा एक यांत्रिक पूल येतो आणि ठरलेल्या अंतरावर खिळे ठोकत जातो. मग एका बाजूला जिप्सम बोर्ड बसतो, आणि तोच पूल खिडकीची, विजेच्या पेटीची भोकं कापतो. आता भिंत उलटायची. त्यासाठी शेजारी-शेजारी दोन टेबलं असतात. ती एकमेकांकडे झुकत उभी होतात, एक भिंत सोडतं, दुसरं झेलतं. कारखान्यातले लोक त्याला फुलपाखरू म्हणतात. उलटलेल्या भिंतीच्या खणांत लोकर भरली जाते. ही खनिज लोकर, म्हणजे दगड किंवा काच वितळवून काढलेले तंतू. त्यात अडकून बसलेली हवा उष्णतेला वाट देत नाही. मग बाहेरचं आवरण, खिडकी, रंग.

इथवरचं काम पुष्कळसं यंत्रांचं. पुढे भिंती उभ्या करून, जमीन आणि छत जोडून खोलीएवढा डबा तयार होतो, आणि तिथून माणसांचं काम सुरू होतं. टाइल्स, नळ, वायरिंग, स्वयंपाकघरातली कपाटं, अगदी संडासाची सीटसुद्धा. रोबोंच्या गोष्टी ऐकून जाणाऱ्याला इथे आश्चर्य वाटतं. निम्म्याहून जास्त माणसं याच भागात, हातात ड्रिल घेऊन उभी असतात. फरक एवढाच, की ती जागेवर राहतात आणि डबा त्यांच्यापुढे सरकत येतो. प्लंबरला रोज तोच नळ, त्याच उंचीवर, चांगल्या उजेडात बसवायचा असतो. शेवटी डबा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ट्रकवर चढतो. इथे एक कायमची चुटपुट आहे: ट्रकवरचा बहुतेक भाग म्हणजे डब्यातली रिकामी हवा असते आणि तिचंही भाडं भरावं लागतं. म्हणून डबे फार लांब नेणं परवडत नाही, आणि रुंद डबा आपल्या घाटातल्या वळणांवर नेण्याचा विचार तर ट्रकवाल्यानेच करावा.

पण कारखान्याचं खरं देणं वेगाचं नाही, स्वस्ताईचंही नाही, असं माझं मत आहे. ते आहे भिंतीच्या आत दडलेल्या कामाचं.

१९७३ च्या तेलसंकटाने स्वीडनला चांगलाच चटका बसला होता. घरं तापवायला लागणारं तेल बाहेरून येत होतं. तेव्हा तिथल्या सरकारने घरबांधणीच्या नियमांत दोन गोष्टी आणल्या: भिंतीत उष्णतारोधक थर जाड हवा, आणि घर हवाबंद हवं. पहिली गोष्ट मोजपट्टीने तपासता येते. दुसरी कशी तपासायची? त्यासाठी स्वीडनमध्येच १९७० च्या दशकात एक साधी युक्ती निघाली. खिडकीत मोठा पंखा बसवायचा, पुढे तो दारात आला, आणि आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण करायचा. ५० पास्कल म्हणजे नळीतलं पाणी पाच मिलिमीटर वर चढेल इतका दाब, फार नाही. मग पंख्यातून किती हवा जाते ते मोजायचं. जितकी हवा पंख्यातून जाते, तितकी घराच्या फटींतून शिरत असते. हातात धुराची कांडी घेऊन फिरलं की धूर जिथे थरथरतो तिथे फट. विजेच्या बटणाच्या मागे, चौकटीच्या कोपऱ्यात, पाइप भिंतीतून जातो तिथे. स्वीडनच्या तेव्हाच्या नियमानुसार बंगलीवजा घरातली सगळी हवा या दाबाखाली तासाला तीनपेक्षा जास्त वेळा बदलता कामा नये. पुढे जर्मनीत निघालेल्या ‘पॅसिव्ह हाउस’ मानकात हा आकडा ०.६ वर आला.

उघड्या साइटवर हे साधणं किती कठीण आहे याची कल्पना कोणत्याही गवंड्याला येईल. थंडीने बोटं बधिर झालेली, वर पाऊस, लोकर ओली, संध्याकाळ होत आलेली. एक फट राहून गेली तर वर बोर्ड बसल्यावर ती कोणाला दिसते? तीस वर्षं त्या फटीतून पैसा बाहेर जात राहतो. कारखान्यात तीच भिंत कमरेच्या उंचीवर, कोरड्या शेडमध्ये आडवी पडलेली असते. कापाकापी यंत्राची, त्यामुळे दोन मिलिमीटरची गफलतही होत नाही, आणि एका भिंतीत चूक सापडली तर पुढच्या सगळ्या भिंतींत ती सुधारता येते. थंड देशातलं घर विजेच्या बाबतीत काटकसरी होतं ते यामुळे.

आणि ऑर्डरींचं काय? स्वीडनमध्ये नगरपालिकांच्या मालकीच्या गृहनिर्माण कंपन्या आहेत. त्या भाड्याची घरं बांधतात आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. त्यांच्या शिखर संघटनेने २०१० नंतर एक चतुर काम केलं. ‘कोम्बोहुस’ नावाने काही तयार इमारतींचे आराखडे आणि दर एकदाच निविदा काढून ठरवून टाकले. कुठल्याही गावाच्या कंपनीने यावं आणि त्याच दराने तीच इमारत मागवावी. बाजारभावापेक्षा सुमारे पाव हिश्श्याने स्वस्त पडेल अशी ही खरेदी होती. कारखान्याच्या भुकेवरचा हा उतारा आहे. नवं यंत्र नाही, नुसता करारनामा.

जपानचं उत्तर वेगळं आहे. तिथे ‘सेकिसुई हाइम’ने १९७० च्या सुमाराला पोलादी डब्यांची ‘एम १’ ही घरं आणली, आणि थोड्याच वर्षांत टोयोटाही घरांच्या धंद्यात उतरली. पण जपानी कारखान्याचं घर स्वस्त नसतं. साध्या सुताराने बांधलेल्या घरापेक्षा ते बऱ्याचदा महागच पडतं. लोक ते घेतात ते भूकंपाच्या भरवशासाठी, पक्क्या हमीसाठी, कंपनीचा माणूस वर्षानुवर्षं येऊन तपासणी करतो म्हणून. ‘कारखान्यात बनवलं की स्वस्त होतं’ हे समीकरण गृहीत धरणाऱ्यांनी जपानकडे जरूर बघावं.

खरोखर स्वस्त घर कारखान्यातून काढलं ते अमेरिकेनेच, पण रॉम्नींच्या वाटेने नाही. चाकांवरच्या ‘मोबाइल होम’चा धंदा तिथे आधीपासून होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला पाच लाखांहून जास्त अशी घरं विकली जात. १९७६ मध्ये त्यांच्यासाठी देशभर एकच बांधकाम संहिता लागू झाली. गावोगावचे बांधकाम नियम तिच्यापुढे चालत नाहीत. चौरस फुटामागे हे घर जागेवर बांधलेल्या घराच्या जवळपास निम्म्या खर्चात होतं. आणि गंमत अशी, की या कारखान्यांत रोबो जवळपास नाहीतच! हातोडा, खिळ्यांची बंदूक आणि सरावलेले हात. स्वस्ताई आली ती एका नियमातून आणि एकसारख्या मालातून. त्यात खोट राहिली ती ऊर्जेची. उष्णतारोधनाचे नियम १९९४ नंतर जवळजवळ तीन दशकं होते तसेच राहिले. गरीब माणूस घर स्वस्तात घेतो आणि विजेच्या बिलात पैसे फेडत बसतो.

हा शेवटचा मुद्दा आपल्याला थेट लागू आहे. पण त्याआधी आपली हकिकत.

स्वतंत्र भारताने कारखान्यातल्या घराचा प्रयोग लगेचच करून पाहिला होता. फाळणीनंतर दिल्लीत निर्वासितांचे लोंढे आले. नाझींमुळे जर्मनी सोडून आलेले, म्हैसूर संस्थानचे वास्तुरचनाकार राहिलेले ओटो कोनिग्सबर्गर तेव्हा केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक होते. त्यांच्या पुढाकाराने दिल्लीत सरकारी घरांचा कारखाना निघाला. हलक्या काँक्रीटचे मोठे फलक पाडायचे आणि जागेवर नेऊन उभे करायचे. फलक वाहतुकीत तुटू लागले, सांधे नीट बसेनात, बोभाटा झाला, आणि कोनिग्सबर्गर १९५१ मध्ये भारत सोडून गेले. तोच कारखाना पुढे ‘हिंदुस्तान प्रीफॅब’ झाला आणि विजेचे खांब, रेल्वेचे स्लीपर असा माल काढत राहिला. बघा, खांब आणि स्लीपर. सरकार दरवर्षी नेमाने विकत घेतं ती गोष्ट कारखान्याला पोसू शकली, घरं नाही.

महाराष्ट्राचा अनुभव यापेक्षा बरा आहे आणि त्याचं श्रेय मुख्यतः एका माणसाला जातं. वाईजवळच्या पसरणीचे बाबूराव शिर्के यांनी पुण्यात ‘सिपोरेक्स’चा कारखाना घातला. सिपोरेक्स हे स्वीडनचं तंत्र: सिमेंट, चुना आणि वाळूच्या मिश्रणात अॅल्युमिनियमची पूड घातली की वायूचे बुडबुडे सुटतात, मिश्रण फुगतं; मग ते वाफेच्या भट्टीत दाबाखाली शिजवायचं. निघतो तो दगड पाण्यावर तरंगण्याइतका हलका. शिर्क्यांनी काँक्रीटचे तयार खांब-तुळया आणि वर सिपोरेक्सचे स्लॅब अशी ‘थ्री-एस’ नावाची पद्धत बसवली. म्हाडा, सिडको, दिल्लीचं विकास प्राधिकरण यांच्या हजारो घरांना ती वापरली गेली. पुन्हा तेच: गिऱ्हाईक सरकारी, ऑर्डर मोठी, नमुना एक.

अगदी अलीकडे, २०२२ मध्ये, नवी मुंबईत बामणडोंगरी इथे सिडकोच्या योजनेत लार्सन अँड टुब्रोने बारा मजल्यांची ९६ फ्लॅटची इमारत ९६ दिवसांत उभी केली. भिंती, स्लॅब, जिने सगळं आधी ओतून ठेवलेलं. कौतुकाचीच गोष्ट आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये रांची, इंदूर, राजकोट, चेन्नई, आगरतळा आणि लखनौ या सहा शहरांत वेगवेगळ्या तंत्रांची सुमारे हजार-हजार घरं बांधायला घेतली; रांचीत तर काँक्रीटच्या आख्ख्या खोल्या आणून एकावर एक रचल्या. आपल्याकडे आता वेगाची भीती उरलेली नाही.

भीती आहे ती उन्हाची. आपल्या स्वस्त आणि झटपट घरांत आज भिंत म्हणजे काय असते? अॅल्युमिनियमच्या साच्यांत, ज्याला साइटवर सगळे ‘मायव्हान’ म्हणतात, ओतलेलं किंवा कारखान्यातून आलेलं १५० मिलिमीटर जाडीचं भरीव काँक्रीट. अशा घरात गेलेल्यांना खिळा ठोकताना त्याची ओळख होते. हातोडी उडते, शेवटी ड्रिलवाल्याला बोलवावं लागतं. मजबूत आहे, गळत नाही, रचनेच्या दृष्टीने उत्तम. पण काँक्रीट उष्णतेला वाट करून देतं. बाहेर-आत एका अंशाचा फरक असेल तर अशा भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरमधून साडेतीन वॅटच्या वर उष्णता आत येते. नऊ इंची विटांच्या भिंतीतून साधारण दोन वॅट. आणि सिपोरेक्सच्या आठ इंची भिंतीतून एकाहूनही कमी. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते, आणि ती उष्णता आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, म्हणजे कामावरून माणसं घरी येतात नेमकी तेव्हा. मग पंखा गरम हवाच फिरवतो. पुढच्या वर्षी हप्त्यावर एसी येतो. घर परवडलं, पण त्यात राहणं महागलं.

यावर उपाय अवघड नाही, आणि कारखान्यात तर मुळीच नाही. काँक्रीटच्या दोन पातळ थरांच्या मध्ये उष्णतारोधक थर घालून फलक ओतता येतो. पडदी म्हणून सिपोरेक्स वापरता येतं. खिडकीवरचा छज्जा साच्यातच धरता येतो. गच्चीला पांढरा लेप सगळ्यात स्वस्त. स्वीडनची नक्कल मात्र करू नये. त्यांना हवाबंद पेटी हवी, आपल्या कोकणपट्टीला सावली आणि वारा हवा. ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये काढलेली ‘इको निवास संहिता’ हे बरोबर ओळखते. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता चौरस मीटरमागे सरासरी १५ वॅटच्या आत हवी असं ती सांगते, आणि दमट-उष्ण भागात उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या सहाव्या हिश्श्याइतकं तरी मागते. २०२२ च्या कायदादुरुस्तीने राहत्या इमारतीही ऊर्जा संहितेच्या कक्षेत आल्या आहेत.

किमतीबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. मुंबई-पुण्यात फ्लॅटच्या किमतीत बांधकामाचा वाटा समजा चाळीस टक्के धरला आणि कारखान्याने त्यात वीस टक्के वाचवले, तरी गिऱ्हाइकाच्या पदरात फार तर आठ टक्के पडतात. तेही बिल्डरने दिले तर. बाकीचं सगळं जमिनीत आहे आणि जमीन कुठल्याही कारखान्यात बनत नाही. शिवाय स्वीडनमध्ये रोबो परवडतो तो तिथल्या सुताराचा पगार मोठा म्हणून. आपल्याकडे नाक्यावर पहाटे उभ्या राहणाऱ्या माणसाची मजुरी इतकी कमी आहे, की त्याच्या जागी यंत्र आणायला हिशेब सहजी पटत नाही. आपल्याकडे कारखाना फायद्याचा ठरेल तो मजुरीच्या बचतीने नव्हे. भिंत चांगली निघाली, काम वेळेत झालं आणि माणूस उंचावरून पडला नाही, यामुळे ठरेल.

तेव्हा यंत्रं कोणती आणायची हा नंतरचा प्रश्न आहे. म्हाडा, सिडको आणि महापालिका यांनी दहा वर्षांची घरांची मागणी एकत्र करून, थोडे ठरावीक आराखडे पक्के करून, वर्षाला इतकी घरं नक्की घेऊ असा लेखी शब्द द्यावा. यंत्रं उद्योजक आपणहून आणतील. आणि त्या निविदेत ‘किती दिवसांत’ आणि ‘किती रुपयांत’ या दोन रकान्यांच्या शेजारी ‘भिंतीतून किती उष्णता’ हा तिसरा रकाना असावा. सोडतीत घर लागलेल्यांनीही ताबा घेण्याआधी हा आकडा लेखी मागावा.